कुरवांना शेव

आधी ते कप खाली ठेवा, सांडतील. आणि शब्द द्या, की हे माझ्या ऑफिसात कुणाला सांगणार नाही. चेन्नईत येऊन मी घोळ काही कमी घातले नाहीत, पण जवळच्या, केरळातल्या नव्हे, कोवळमच्या खाडीवर जो घातला, त्याला तोड नाही!

मी अलिबागचा. नोकरी शोळिंगनल्लूरला, सॉफ्टवेअरमध्ये. आता तुम्ही म्हणाल, चेन्नईला एवढा समुद्र आहे, मग तुला रडायला काय झालं? अहो, समुद्र आहे, पण चुकीच्या बाजूला आहे! सूर्य त्यातून वर येतो. संध्याकाळी किनाऱ्यावर बसावं, तर तो आपल्या पाठीमागे बिल्डिंगांत बुडतो.

आणि कुरव! म्हणजे सीगल. थंडी पडली की मांडव्याच्या लाँचमागे त्यांचा पांढराशुभ्र थवा लागायचा. आई शेवेची पुडी फोडायची, "आऽ आऽ" करून हाक मारायची, आणि उडवलेली शेव ते वरच्या वर झेलायचे. एरवी आईला मी एवढं खिदळताना कधी पाहिलं नाही. आता ती पुण्याला, ताईकडे. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. लाँच बंद, समुद्र बंद. फोनवर "जेवलास का" झालं, की पुढचा प्रश्न ठरलेला.

"कुरव आले का रे तुझ्याकडे?"

जसे काही ते माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत उतरणार! पण खरं सांगू? मला फार वाटायचं, एकदा तिला दाखवावेत. फार म्हणजे फार वाटायचं.

एका शनिवारी, पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला. उद्या सकाळी कोवळमची खाडी, सीगल आलेत. मी लगेच आईला फोन केला.

"उद्या तुला व्हिडिओवर दाखवतो!"

"रिकाम्या हाताने जाऊ नकोस हो," आई म्हणाली. "मी पाठवलेली शेव आहे ना शिल्लक?"

होती. डब्याच्या तळाशी, मूठ-दोन मुठी. पुरवून पुरवून खात होतो. पण आईचा हुकूम!

खाडीवर दहा-बारा माणसं होती. तिपाईवर लावलेल्या दुर्बिणी, डोक्यावर टोप्या, आणि बोलणं इतकं हळू की पलीकडे कुणाचं बाळ झोपलंय असं वाटावं. सगळ्यांच्या म्होरक्या पद्मामामी. तंजावरच्या मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडच्याच. मी अलिबागचा म्हटल्यावर त्यांना कोण आनंद!

"मराठी की तूं? सरि सरि, ये. इकडें पाहा."

मी दुर्बिणीला डोळा लावला. अहो, चिखलात ही गर्दी! लाल काटकुळ्या पायांवर डुलत चालणारे. मामी म्हणाल्या, "स्टिल्ट." मी म्हणालो, "हे तर आमच्याकडचे शेकाटे!" वर वळलेल्या चोचीचा उचाट्या. चार पावलं धावून थबकणारे बुटके चिखले. सारखं बूड हलवणारा तुतवार. पाण्यात सूर मारणारे सुरय.

"हीं सगळीं एकाच कुळाचीं, रे," मामी सांगू लागल्या. "शेतांतली टिटवी, हीं चिखलांतलीं, तीं लाटेवरलीं, तुझे सीगल सुद्धां. चोंच वेगळी, पाय वेगळे, राहणें वेगळें. पण नातें आहे."

दुसरा कुणी भारावून गेला असता. मला कुठला धीर? "मामी, पण कुरव कुठेत?"

"ते काय, वाळूच्या पट्टीवर."

पांढरी रांग! काय हरखलो म्हणून सांगू! मी लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला.

"नंदू, मला नुसता चिखल दिसतोय."

"लांब आहेत गं ते."

"मग टाक की शेव! बोलाव त्यांना!"

आता लाँचमागच्या कुरवांना माणसांची सवय असते, खाडीवरच्यांना नसते, हे कुठल्याही शहाण्या माणसाला सुचलं असतं की नाही? मला नाही सुचलं! चालू फोन शर्टाच्या खिशात टाकला, डबा उघडला, चार पावलं पुढे गेलो, आणि मूठ उधळून खड्या आवाजात ओरडलो, "आऽ आऽ आऽ!"

कुरव आले नाहीत. कावळे आले!

आधी दोन, मग वीस, मग चेन्नईतले झाडून सगळे. कावळ्यांमागून कोळीवाड्यातली कुत्री. कुत्री शेवेवरून निघाली ती थेट चिखलात! आणि अख्खी खाडी उडाली हो! शेकाटे, चिखले, तुतवार, सुरय, मामींचं ते सगळं कूळच्या कूळ आकाशात! माझे कुरव तर समुद्राकडे ठिपके ठिपके होत दिसेनासे झाले.

मला भरून आलं. लाज वगैरे राहिली बाजूला, फक्त आई आठवली. तिला एवढंच दाखवायचं होतं, तेही जमलं नाही. समुद्राकडे तोंड करून, कावळ्यांच्या गराड्यात, रिकामा डबा धरून मी घळाघळा रडायला लागलो.

वाटलं, आता मार खाणार. तर सेल्वम सर, अंबत्तूरचे रिटायर्ड इंजिनियर, त्या ग्रुपमधला सगळ्यांत कडक माणूस, हळूच जवळ आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तंबी, अम्मावुक्का?"

म्हणजे, बाबा रे, आईसाठी का?

"आमा सर," मी म्हणालो. "अम्मावुक्कु." हो, आईसाठीच.

सरांनी टोपी काढली. त्यांचं बघून सगळ्यांनी काढल्या.

त्या दिवशी अमावास्या होती, आणि अमावास्येला इकडे लोक गेलेल्या माणसांसाठी कावळ्यांना घास घालतात, हे माझ्या गावीही नव्हतं! मला वाटलं, काय मायाळू शहर आहे! घरची आठवण आली तर लोक टोप्या काढतात!

"काय घातलंस त्यांला?" मामींनी हळूच विचारलं.

"शेव. तिच्या हातची. ही शेवटची."

मामींचा पदर डोळ्यांना लागला. "राहूं दे. पांखरें येतील परत. आईची जागा कोणी भरून काढीत नाहीं."

"रोज बोलते हो ती माझ्याशी. तरी मन भरत नाही."

मामी आणि सेल्वम सरांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी मला पाणी दिलं. आणि तेवढ्यात माझ्या छातीतून आवाज आला.

"नंदू! अरे, मला काहीच दिसत नाहीये! सगळा अंधारच अंधार!"

सेल्वम सर टुणकन मागे उडाले. कुणीतरी "मुरुगा!" म्हणून किंचाळलं. मामींनी माझं मनगट असं पकडलं, की वळ दोन दिवस होते. मी खिशातून फोन काढला आणि म्हणालो, "ही माझी आई."

पुढचा अर्धा तास मी जे ऐकून घेतलं, त्यातलं तमिळ मला समजलं नाही ही देवाची कृपा. मामींनी मराठीत ऐकवलं. "पांखरांला तळलेलें घालतात रे, शहाण्या?" पण मग त्यांनीच फोन हातात घेतला. दोघींना एकमेकींचं मराठी निम्मंच कळत असावं. गुडघ्यांबद्दल मात्र सगळं कळलं.

"कोठें जाऊं नका," मामी आईला म्हणाल्या. "ओहोटी लागूं दे. येतील."

आणि आले हो! मला कुत्री हाकलायला लांब बसवलं होतं. तिथूनच दिसलं, एक, दोन, मग थवाच वाळूवर उतरला. मामींनी फोनचा कॅमेरा दुर्बिणीला लावला. मी धावत आलो.

स्क्रीनवर आई पुढे वाकली. मग नाक ओढल्याचा आवाज. "आले रे," ती म्हणाली, "तेच आहेत." ती हसत होती, अगदी खिदळत होती, आणि डोळे पुसत होती.

मला राहवेना. मी फोन घेतला, कॅमेरा माझ्याकडे वळवला. "आई, मीही आहे इथे! बघ तरी माझ्याकडे!"

"तुला काय बघायचं?" आई म्हणाली. "ते बिचारे हिमालय ओलांडून दर थंडीला न चुकता येतात. तुला चेन्नईहून पुण्याला दोन दिवाळ्या जमलं नाही. फिरव तो कॅमेरा!"

मी कॅमेरा फिरवला, परत कुरवांकडे.