रेसच्या गाडीतलं एरंडेल

"त्या दत्तारामला आजच घरी बसवतो. भेसळीचं एरंडेल घातलं त्यानं."

वागळेसरांच्या केबिनमधून हे ऐकू आलं तेव्हा मी दाराशी सॅम्पलची बाटली घेऊन उभी होते. बोलत होते ते गाडीचे मालक. रविवारी जुहूच्या विमानपट्टीवरच्या रेसमध्ये त्यांचं इंजिन जॅम झालं होतं. बाटलीत त्याच इंजिनातून काढलेलं तेल होतं. आमची अंधेरीची लॅब तेल कंपनीची, वागळेसर तिचे प्रमुख. मी तिथे नवी केमिस्ट. एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची गोष्ट.

रेसच्या गाडीत एरंडेल कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. लहानपणी नाक दाबून पाजलेलं तेच ते. पण रेसमध्ये इंजिन इतकं तापतं की साधं इंजिन ऑइल पातळ होऊन धातूवरून ओघळतं. एरंडेल चिकटून राहतं. म्हणून रेसवाले ते वापरत.

दत्ताराम बाहेर बाकावर बसला होता. वीस वर्षं मालकांच्याच गॅरेजात मेकॅनिक. शनिवारी त्यानं जुनं तेल पूर्ण काढून, इंजिन धुऊन एरंडेल भरलं होतं. माझ्या हातातली बाटली बघून तो म्हणाला, "बाई, त्याल चांगला होता. मी बोटान बघलंय."

लॅबमध्ये येऊन मी बाटली उघडली. वास एरंडेलाचा होता, पण पुरता नाही. तळाशी चिकट गाळ. मला उत्सुकता वाटली. एरंडेल स्पिरिटमध्ये विरघळतं, जमिनीतून काढलेल्या तेलाचं साधं इंजिन ऑइल विरघळत नाही. इतकी सोपी परीक्षा. पण दारूबंदीमुळे स्पिरिट कुलपात, आणि किल्ली सरांकडे. मागायला केबिनमध्ये जाणं भाग होतं.

"काय मिस प्रधान, प्यायला नको ना?" सर म्हणाले. दोघंही हसले. मी किल्ली घेतली. मालक पुढे सांगत होते की रविवारी सकाळी तेलाची लेव्हल थोडी कमी दिसली, तेव्हा सरांनी भेट दिलेल्या आमच्या कंपनीच्या डब्यातलं इंजिन ऑइल त्यांनी स्वतः वरून ओतलं, म्हणून गाडी निदान चार फेऱ्या तरी धावली. सर खूश झाले.

मी नळीत सॅम्पल आणि स्पिरिट घालून हलवलं. एरंडेल विरघळलं. उरलेलं तेल वेगळं झालं, मधे स्वच्छ रेघ. दत्तारामच्या एरंडेलात भेसळ नव्हती. दोन्ही तेलं उत्तम होती, पण एकमेकांत मिसळत नाहीत. एकत्र आली की गाळ होतो, इंजिनातल्या तेलाच्या बारीक वाटा बुजतात आणि इंजिन जॅम होतं.

दत्तारामची नोकरी राहिली. पुढे आमच्या डब्यांवर 'एरंडेलात मिसळू नये' अशी लाल चिठ्ठी लागली. ती लावायची कल्पना वागळेसरांची, असं सगळे म्हणत. या धंद्यात नीट धुतलेल्या इंजिनाचं कौतुक कुणी करत नाही, हेही तेव्हा कळलं.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. मी नळी घेऊन केबिनमध्ये गेले, तेव्हा सर मालकांना रिपोर्ट वाचून दाखवत होते: मेकॅनिकने निकृष्ट तेल वापरले. खाली माझी सही हवी होती. सरांनी पेन पुढे केलं. मी पेन न घेता नळी स्टँडसकट टेबलावर उभी केली. रेघ स्थिर होईपर्यंत थांबले.

मग मी मालकांना म्हणाले, "हे न विरघळलेलं तेल तुम्ही ओतलेलं आहे, सर."