हेड बदललं तर नाही ना?

फ्लेक्स छापायची मोठी मशीनं दुरुस्त करणाऱ्याकडे किस्से साठतातच. कारण बंद पडलेलं मशीन कधी एकटं येत नाही. सोबत एक थाप घेऊन येतं. "आम्ही काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडलं!" चिंचवडच्या आमच्या गाळ्यात चौदा वर्षं हे वाक्य ऐकतोय. आपोआप बंद पडलेलं मशीन मी अजून पाहिलेलं नाही.

माझा पार्टनर नामदेव गिते मूळचा परभणीचा. हात सोन्याचा, पण स्वभाव पक्का संशयी. चहावाल्यानं कप पुढे केला तरी आधी आत डोकावतो. पूर्वी मी त्याला हसायचो. आता मीही डोकावतो!

*

मोशीचं एक गिऱ्हाईक प्रिंटहेड घेऊन आलं. हेड म्हणजे या मशीनचा जीव. केसाहून बारीक भोकांतून ते शाई उडवतं, आणि शाई भिकार असली की भोकं बुजतात. याची सगळी बुजली होती.

"शाई कुठली वापरता?" मी विचारलं.

"कंपनीची! ओरिजिनल! आपल्याकडे डुप्लिकेटचं नाव नाही, भाऊ." त्यानं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. वर चकचकीत स्टिकर, कंपनीची खूण, सगळं रीतसर.

गितेनं बाटलीचा वास घेतला. शाई विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये चिंधी बुडवली आणि स्टिकरवरून एकदा फिरवली. कंपनीचं नाव चिंधीवर उतरलं!

पठ्ठ्यानं स्टिकर स्वतःच्याच मशीनवर छापलं होतं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघतोय, तो छताकडे. शेवटी गिते म्हणाला, "प्रिंट मात्र झकास आलीय राव. म्हणजे तोवर हेड चांगलं होतं!"

*

पुनावळ्याचे तात्या म्हणजे गावातलं जुनं घराणं. शेतात बिल्डिंगा उभ्या राहिल्या, तेव्हा तात्यांनी हायवेलगत गाळा घेऊन फ्लेक्सचं मशीन टाकलं. मेकॅनिक लोक चांगलं हेड काढून जुनं बसवतात, असं त्यांच्या कानात कुणीतरी भरवलं होतं.

त्यामुळे साफ करायला दिलेल्या हेडवर त्यांनी काकूंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. आम्हाला पत्ताच नाही. आम्ही नेहमीसारखं हेड सॉल्व्हंटनं धुतलं आणि दोन दिवसांनी घेऊन गेलो. तात्यांनी चष्मा लावून ते उलटंपालटं केलं आणि गाळा डोक्यावर घेतला.

"ठिपका कुठं हाय? ह्ये आमचं हेड न्हाई!"

"तात्या, ठिपका धुतला गेला असेल."

"व्हय, व्हय! आन् उद्या म्हणाल, हेडच धुतलं गेलं!"

पाच मिनिटांत भाऊबंद जमले. कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं. आमच्या धंद्यात एकदा चोर ठरलात, की मोशीपासून चाकणपर्यंत कुणी दारात उभं करत नाही.

तेवढ्यात काकू मोबाइल घेऊन पुढे आल्या. हेड आमच्या हातात देण्याआधी त्यांनी त्याच्यावरच्या नंबराचा फोटो काढून ठेवला होता. नंबर ताडून पाहिला. तोच!

तात्या ओशाळले. "अगं, फोटो काढलावता, तर मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"कशाला सांगू?" काकू म्हणाल्या. "मला ह्यांचा न्हाई, तुमचाच संशय हुता. बदलायचं झालं तर तुमीच बदलाल, आन् नाव ह्यांच्यावर घालाल!"

*

चाकणच्या एका कंपनीत ड्रॉइंग छापायचं मशीन अडलं होतं. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली आणि बॅगेतलं एकेक हत्यार रजिस्टरमध्ये लिहून घेतलं. एकूण सतरा नग.

मशीन उघडलं तर आत पट्ट्याखाली एक स्क्रू ड्रायव्हर अडकलेला. आधीचा मेकॅनिक विसरून गेलेला! तो ओढून काढला, मशीन सुरू झालं. ड्रायव्हर मी सवयीनं बॅगेत टाकला.

परतताना गेटवर मोजणी. "आत सतरा गेले, बाहेर अठरा आले. हा कुठून आणला?"

"मशीनमधून निघाला."

"म्हणजे कंपनीचा माल!"

"बरं, मग आत ठेवून येतो."

"आत न्यायचा तर त्याची नोंद पाहिजे. नोंद सतराचीच आहे."

"मग तुम्ही ठेवून घ्या."

"मी कशाला ठेवू? उद्या माझ्यावर आलं तर?"

दीड तास मी गेटवर चोरासारखा बसून. शेवटी मशीनवाल्या खात्याचे साहेब आले. त्यांनी ड्रायव्हर हातात घेतला, उजेडात धरून निरखला, मग माझ्याकडे रोखून पाहिलं.

"हा पार्ट काढल्यावर मशीन नीट चालेल ना?"

*

मध्यंतरी गिते दर गुरुवारी जेवणानंतर हत्यारांची पिशवी घेऊन गायब व्हायचा. विचारलं की म्हणायचा, "जरा काम हाय." माझ्या डोक्यात किडा शिरला. हा परस्पर कामं घेतोय! दोन गुरुवार मी धड जेवलो नाही. एवढ्या वर्षांची पार्टनरशिप, आणि आपल्याला कळलंही नाही?

तिसऱ्या गुरुवारी हेल्मेट घालून त्याच्या मागे निघालो. गडी ताथवड्यात कॉलेजसमोरच्या प्रिंटवाल्याकडे शिरला. ते आमचं जुनं गिऱ्हाईक. मी दाराबाहेर कान लावून उभा राहिलो.

आतून गितेचा आवाज आला, "खरं सांगा. आमचा पार्टनर मला न सांगता तुमच्याकडं काम करून जातोय का?"

मी हेल्मेटसकट आत गेलो! दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. प्रिंटवाला मात्र खूश झाला. "बरं झालं दोघं आलात. सकाळपासून मशीन अडलंय!"

तेव्हापासून आम्ही कुठल्याही कामाला एकाच गाडीवर जातो. लोक म्हणतात, काय दोस्ती आहे राव!

*

चाकणलाच दोन भावांचं फ्लेक्सचं दुकान आहे. थोरले सदाशिवदादा पन्नाशीचे, तालमीत कमावलेलं शरीर, आवाज असा की रस्त्यापलीकडे ऐकू जावा. धाकटा विलास हळू बोलणारा. एकदा सकाळी विलासचा फोन आला. "छापता छापता मशीन बंद पडलंय. दुपारीच या. दादा गावाला चाललाय, तो नसताना उरकून टाकू."

"दादा नसताना कामून?" गितेनं मला विचारलं.

आम्ही पोचलो तर विलास कॉम्प्युटरपासून हलेना. स्क्रीन आमच्याकडून फिरवून ठेवलेली. गितेनं माझ्या कानात सांगितलं, "सॉफ्टवेअर चोरीचं असणार." मलाही तसंच वाटलं. मशीनचा पॉवर सप्लाय गेला होता. तो काढून आम्ही नवा बसवत होतो, तेवढ्यात दारातून आवाज आला, "अरे, मेकॅनिक आलेत होय! चहा तरी पाजलास का त्यांना?"

दादा! त्यांची एसटी चुकली होती. हातात गरम वडापावची पिशवी. विलासचा चेहरा उतरला.

त्याच वेळी गितेनं बटण दाबलं. मशीन जागं झालं आणि कॉम्प्युटरमध्ये अडकून पडलेलं काम त्यानं पहिल्यापासून छापायला घेतलं.

"बंद करा! ते नकोय!" विलास ओरडला.

"थांबा की, रंग तर बघू," गिते म्हणाला.

हेड इकडून तिकडे फिरत होतं, फ्लेक्स इंचाइंचानं बाहेर सरकत होता. आधी झेंडूची फुलं आली. मग मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली पांढरा फेटा, कपाळावर गंध, जाड भुवया. दादा एक वडापाव खात बघत होते. मिशा बाहेर आल्या तसं त्यांचं चावणं थांबलं.

खाली नाव आलं. 'कै. सदाशिव.' त्याखाली जन्मतारीख. मग 'शोकाकुल', आणि पहिलं नाव विलासचं.

मशीन थांबलं. विलास भिंतीला टेकून उभा होता. गिते माझ्याकडे बघेना, मी गितेकडे बघेना.

दादांनी हात पँटला पुसले. वाकून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. जन्मतारखेच्या पुढे बोट ठेवलं. ओली शाई बोटाला लागली.

"विलास," ते म्हणाले, "दुसरी तारीख टाकायची राहिलीय."