ट्रक जाईपर्यंतची शांतता

गारखेड्यात माझी एक खोली आहे, तिथं मी आवाजाचं काम करते. लग्नाच्या व्हिडिओवर सनई चढवायची, भाषणांतलं खोकणं काढून टाकायचं, असं काम. त्यामुळे पुण्याच्या एका दिग्दर्शकानं हवामानबदलावरच्या माहितीपटासाठी मला बोलावलं, तेव्हा मी आठवडाभर सगळ्यांशी जरा गंभीरपणेच बोलत होते.

त्याला एक बाई हवी होती. साधी, सोसलेली, मोजकं बोलणारी. मी पडेगावची माझी मोठी मावशी सुचवली. साधी ती आहेच. बाकी दोन अटींबद्दल मी काही बोलले नाही. मावशी एका सरकारी कचेरीतून क्लार्क म्हणून निवृत्त झाली. सव्वीस वर्षं समोरच्याला बोलू न देता त्याचं काम कसं करून द्यायचं, हे तिला नेमकं जमायचं.

शूटिंगच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून बसली होती. दिग्दर्शकानं तिला आधी अंगणातून उठवून मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेलं, कारण अंगणात जास्वंद फुललेली होती. मग म्हणाला, "मावशी, चष्मा काढता का?"

"काढते की. पण मग तुम्ही मला दिसणार नाय."

"चालेल."

"तुम्हाला चालेल हो," मावशी म्हणाली, पण काढला.

मग ती वीस मिनिटं बोलली. सगळं कुरडयांवर. "आधी कसं, होळी झाली की बिनघोर गहू भिजवायचे. तीन दिवस रोज पाणी बदला, वाटा, चीक शिजवा, गच्चीवर घाला. आता आभाळाचा काय भरवसाच नाय. गेल्या साली सगळ्या घातल्या अन् दुपारी असा पाऊस आला, चादर उचलूस्तोवर कुरडयांचा परत चीक झाला. मी अन् शेजारीण चार कोपरे धरून जिन्यात अडकलो. ती म्हणते तू मागं सर, मी म्हणते तू सर." हे सांगताना तिला इतकं हसू आलं की कॅमेरावालाही हलला.

दिग्दर्शक मात्र हसला नाही. त्यानं हळू आवाजात विचारलं, "मावशी, तुमच्या नातवंडांच्या वाट्याला काय येणार?"

नेमका तेव्हाच दौलताबाद रोडवरून एक ट्रक निघाला. माझ्या कानाला हेडफोन होते. मी हात वर केला. "थांब मावशी, ट्रक जाऊ दे." तिनं तोंड मिटलं आणि रस्त्याकडं बघत राहिली. ऊन समोरून होतं, डोळ्यांवर चष्मा नव्हता, पाणी आलं. ट्रक गेल्यावर तिनं उत्तर दिलं, "नातवंडं पुण्यात हायेत. त्यांना काय धाड भरलीय?"

आता माझा वाटा सांगते. उत्तर कापलं मी. ट्रकचा आवाज काढला मी. त्या जागी वारा घातला तोही मीच. खोलीतल्या टेबलफॅनसमोर माइक धरून केलेला. वर सारंगीचे दोन सूर. प्रश्न, मग मावशीचा चेहरा, मग तो थेंब. दिग्दर्शक पाहून म्हणाला, "हेच पाहिजे होतं." कुरडया गेल्या. "हसण्यानं विषयाचं वजन जातं," असं त्याचं म्हणणं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला माझा वारा फारच आवडला होता.

पहिला खेळ छावणीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मावशी माझ्या शेजारी. तिचा चेहरा पडद्यावर आला तसा हॉल गपगार झाला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मावशी माझ्या कानाशी लागली, "मी कायला रडायले गं?"

"नंतर सांगते."

खेळ संपल्यावर त्याच बाई आल्या आणि मावशीचा हात धरून म्हणाल्या, "ताई, तुम्ही न बोलता सगळं सांगितलंत." मावशीला आयुष्यात हे कुणी म्हटलं नव्हतं. ती फक्त "व्हय" म्हणाली, आणि तेही खाली बघून. दुसऱ्या दिवशी तिच्या व्हॉट्सॲपवर फोटो होता तो डोळ्यांत पाणी असलेला.

खेळावरून परतताना रिक्षातच मी तिच्याजवळ सगळं कबूल केलं होतं. ट्रक, टेबलफॅन, सारंगी. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "रडवलं तर रडवलं. चेहरा चांगला दिसला. पण जे खरं बिघडलंय ते मी सांगितलं होतं ना? तेच कापलं तुम्ही. ते जोड."

मी म्हटलं, ते आता पिक्चरमध्ये जाणार नाही. "मग माझं मला दे."

म्हणून तिची वीस मिनिटं मी चारवर आणली. हसणं तसंच ठेवलं, जिनाही ठेवला, आणि मागून जाणारे ट्रकही. मावशीनं ते भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत बायकांची उत्तरं सुरू झाली. आमच्या शेवया गेल्या. आमचे सांडगे. आम्ही आता गच्चीवर घालतच नाय, पंख्याखाली घालतो. एकीनं भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. वाळवण भिजलं त्या दिवसांवर ती कित्येक वर्षांपासून फुली मारत होती. मग दुसरीनं, तिसरीनं. घरोघरी जुनी कॅलेंडरं माळ्यावरून खाली आली.

दिग्दर्शकाला मी ते दाखवलं. तो बराच वेळ एकेक फोटो मोठा करून बघत राहिला. "हे मला आधी का नाही सांगितलं?" म्हणाला. मी त्याला वीस मिनिटांची मूळ फाइल उघडून दिली आणि चहा सांगायला खाली गेले. वर आले तेव्हा तो हसत होता, मावशी जिन्यात अडकते तिथवर पोचला असावा.

दुसरा माहितीपट आता कॅलेंडरांवर चाललाय. आमचं फक्त एका नोंदीवर अडलंय. एका काकूंनी एप्रिलच्या एका चौकोनात बारीक अक्षरात लिहिलंय: "पाऊस. कुरडया गेल्या. जावई येणार होते, आले नाहीत ते बरं झालं." दिग्दर्शक म्हणतो, पहिल्या दोन वाक्यांवर थांबू. मी म्हणते, तिसरंही वाचलं जाईल एवढा वेळ चित्र ठेवू.