चंद्रभानचे मासे आणि सोजराबाई

सोजराबाई बोईसरला उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती आणि काखेत बाजरीच्या पिठाचं गाठोडं. बीडकडच्या गावाहून ती एकटी निघाली होती. सासरा वारला आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी दीर म्हणाला, "तुझा नवरा तिकडं तारापूरला वीज केंद्राच्या बांधकामावर कमावतोय. मग तू आमच्या चुलीवर कशापायी?" नवरा चंद्रभान वेल्डर होता. कामावर गेल्यापासून तो गावी फिरकला नव्हता.

ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोल्या तिनं विचारत विचारत शोधून काढल्या. चंद्रभानच्या खोलीच्या दारात एक तरुण बाई बसली होती आणि विळीवर बोंबील साफ करत होती. आत चंद्रभान एका काचेच्या टाकीपुढं गुडघे टेकून बसला होता. सोजराबाईला बघून तो उठला, तिचं मनगट धरून तिला नळामागं घेऊन गेला.

"ही कोण?" सोजराबाईनं विचारलं.

"ओरडू नको. साहेबाला कळलं तर काम जाईल. मी तिला वाटंला लावतो. तवर बहीण म्हणून ऱ्हा. तू सोशिक हायेस, सोजरा."

आणि परत दारात येऊन तो त्या बाईला मोठ्यानं म्हणाला, "हिरा, माझी बहीण आलीय गावाकडनं. नवऱ्यानं टाकलीय तिला."

सोजराबाई गप्प बसली. का बसलीस, असं पुढं कुणी विचारलं की ती उलट विचारायची, "जायचं कुठं होतं?"

हिरा समुद्राकाठच्या मुरबे गावची. पहिला नवरा होडीबरोबर समुद्रात गेला तो आलाच नाही. ती खोल्यांच्या रांगेत पाटी घेऊन मासे विकायला यायची. चंद्रभाननं तिला सांगितलं, माझी बायको वारली, मूलबाळ नाही. एका देवळात दोघांनी माळा घातल्या. परक्या मुलखातल्या माणसाबरोबर गेली म्हणून भावांनी तिला दार बंद केलं. आता कुठं बस्तान बसतंय, तर ही नणंद येऊन छातीवर बसलेली. पहिल्याच संध्याकाळी तिनं शेजारच्या नर्मदेला ऐकू जाईल असं म्हटलं, "टाकलेल्या बायांना बरा भावाचा पत्ता सापडतो."

सोजराबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. हिराच्या हातची भांडी ती राखेनं पुन्हा घासायची, तेही हिराच्या समोर. हिरा मग मुद्दाम तिच्या पांघरुणाजवळ सुकटीची टोपली ठेवायची. एकीनं झाडलं की दुसरी पुन्हा झाडायची. नळाला पाणी थोडा वेळच येई, आणि त्या पाण्यावरून रोज सकाळी आई-बाप निघत. नर्मदा दारात उभी राहून ऐकायची आणि रांगेतल्या बाकीच्यांना सांगायची.

एवढ्याशा खोलीतली सगळ्यात चांगली जागा त्या टाकीनं घेतली होती. खाटेच्या निम्म्या लांबीची, लोखंडी अँगलची चौकट. ती चंद्रभाननं स्वतः वेल्ड केली होती आणि काचा पुट्टीनं बसवल्या होत्या. पंप आणि पहिले मासे त्याला एका अमेरिकन सुपरवायझरनं मायदेशी परत जाताना दिले. सिक्लिड नावाच्या कुळातले मासे ते. चंद्रभाननं त्यांना आपली नावं दिली होती. गळ्याखाली लालभडक असलेले ते लालगळे. अंगावर काळे आडवे पट्टे असलेले ते पट्टेवाले. माणसांशी तुटक बोलणारा हा माणूस माशांविषयी मात्र बोलत सुटायचा. बोईसरचं बोरिंगचं पाणी जड, थोडं मचूळ. त्यात नाजूक जात टिकत नाही, हे त्याला मासे मरता मरता कळलं होतं. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटातल्या दुकानदाराकडून बाकीचं कळलं: सारख्या मापाचे घ्यावेत, सगळे एकाच दिवशी सोडावेत, म्हणजे आधीचा नव्यावर मालकी दाखवत नाही. प्रत्येकाला तोंड लपवायला जागा द्यावी. त्यासाठी त्यानं फुटक्या माठाचे तुकडे आणि कौलं आत रचली होती. एखादा मासा दुसऱ्याचे कल्ले फाडायला लागला की तो कौलं हलवून सगळी मांडणी बदलायचा. मग सगळेच बावरायचे आणि भांडण थांबायचं.

खोलीत दोन बाया एकमेकींचे केस ओढायच्या बेतात आल्या, तरी तो तिकडे वळून बघत नसे.

टाकीचं काम सोजराबाईवर आलं. नळावरून जादा हंडे आणायचे, गढूळ पाणी रबरी नळीनं काढायचं. आणि सुका जवळा खलबत्त्यात कुटून माशांना घालायचा. त्या वासानं तिला पहिल्यांदा ओकारी आली. पदरानं नाक बांधून ती कुटायची आणि हिरा दारात बसून हसायची.

"नणंदबाई, जरा बारीक करा. त्यांना दात नाय."

"तुझ्या जिभंला हायेत तेवढे पुरंत."

श्रावणाच्या सुमाराला हिरानं हट्ट धरला. मुंबईच्या दुकानात तिनं चांदीसारखा चपटा मासा पाहिला होता, लांब पंखांचा, चंद्रकोरीसारखा. तो तिला हवा होता. चंद्रभान म्हणाला, "नुसत्या रूपावर जाऊ नये. तो ह्यांच्यात नाही निभायचा." पण हिरा रुसली, दोन वेळा चूल पेटली नाही, आणि त्यानं तसला जोड आणला. लालगळ्यांनी दुसऱ्याच दुपारी त्यांचे पंख कुरतडून चिंध्या केल्या. संध्याकाळी चंद्रभान कामावरून आला तेव्हा दोन्ही मासे आडवे तरंगत होते. तो सरळ सोजराबाईकडे आला आणि त्यानं तिच्या तोंडात मारली.

"दिसभर घरात बसून तुला दिसलं न्हाई?"

सोजराबाईनं हिराकडे बघितलं. हिरा म्हणाली, "मी तर बाजाराला गेलते," आणि तांदूळ निवडू लागली. ती दिवसभर घरातच होती.

त्या दिवसापासून सोजराबाई जवळा कुटताना नाक बांधेना. वासाची सवय झाली की राग मोठा झाला, कोण जाणे. मध्येच एकदा तिनं चंद्रभानला नळामागं गाठून विचारलं, "तिला कवा लावतोस वाटंला?" तो म्हणाला, "लावतो. घाई करू नको." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "तुला काय कमी हाय इथं?"

पितृपक्ष आला. अविधवा नवमीच्या आदल्या दिवशी हिरा तिच्यापुढं येऊन बसली. आवाज नेहमीचा नव्हता.

"नणंदबाई, उद्या तुमच्या वहिनीचं पान घालायचंय. ह्यांची पयली. कुंकवानं गेली बिचारी. मी तिच्या जागेवर आलेय, तिचा शाप नको लागायला. तिला काय आवडायचं जेवायला?"

सोजराबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. चंद्रभान टाकीपाशी होता. त्याची पाठ दिसत होती. ती पाठ हलली नाही.

"सांगा ना. तुमी तर बघितलं असंल तिला."

"बाजरीची भाकर," सोजराबाई म्हणाली. "अन् तिळाची चटणी."

"बस? गोड काय नाय?"

"गोड तिला कुणी कधी घातलंच न्हाई."

हिरानं तरीही खीर केली. तीळ तिनं स्वतः वाटले, भाकरी थापली. ती जाड आणि वेडीवाकडी झाली, कारण समुद्राकाठच्या बाईला बाजरी कुठली यायला. केळीच्या पानावर सगळं वाढलं, बाजूला हिरवी बांगडी, हळदकुंकू. पान बाहेर ठेवून तिनं हात जोडले आणि म्हणाली, "बाय, माझ्यावर रागावू नको." कावळा आला आणि चटणीत चोच घालून गेला. हिराच्या डोळ्यांत पाणी आलं. "घेतलं तिनं," ती म्हणाली.

सोजराबाई उंबऱ्यात उभी राहून स्वतःचं पान बघत होती. मग चंद्रभान आत बसून तीच भाकरी, तीच चटणी जेवला. त्यानं दुसऱ्यांदा चटणी मागून घेतली.

त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

दसऱ्याच्या आसपास लालगळ्यांच्या जोडीनं कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली. पिल्लं सुटली आणि आईबाप त्यांच्याभोवती गस्त घालू लागले. ही बातमी कामावर पसरली. एका रविवारी दुपारी बांधकामावरचे मोठे साहेब आणि त्यांच्या बाई ते बघायला आले. साहेबांना बंगल्यात तशीच टाकी करून हवी होती. रांगेतली सगळी माणसं दाराशी जमली. नर्मदेनं घरातली खुर्ची आणून दिली. हिरानं नवं लुगडं नेसून चहा केला.

चंद्रभान धुतलेला शर्ट घालून टाकीशेजारी उभा राहिला. "ही माझी मंडळी, हिरा," तो म्हणाला. "अन् ती मागं माझी बहीण."

बाईंनी वाकून पिल्लं बघितली. "हे एकमेकांशी भांडत नाहीत?"

"भांडत्यात, बाईसाहेब. पण निवड नीट केली तर जीव घेत न्हाईत." चंद्रभान खुलला. "मासा घेताना रंगावर जायचं न्हाई. आधी बघायचं, असल्या पाण्यात तग धरतो का. सोशिक पायजे. मग बघायचं, त्याचं कुणाबरं जमतं. ज्यांचं जमत न्हाई त्यांना एका टाकीत कोंडलं तर तो माशांचा दोष न्हाई, साहेब. तो पाळणाऱ्याचा दोष."

"वा," साहेब म्हणाले.

"साहेब," सोजराबाई मागून म्हणाली. "मी ह्याची बहीण न्हाई. लग्नाची बायको हाय. पंचांसमोर लागलेलं लगीन हाय. माशांची एवढी चवकशी केली ह्यानं. आम्हा दोघींना कोंडताना कुणाला इचारलं न्हाई."

साहेबांनी कप खाली ठेवला. बाईंनी पदर सावरला. "हा तुमच्या घरातला मामला आहे," साहेब म्हणाले आणि दोघं गर्दीतून वाट काढत निघून गेले. गर्दी मात्र हलली नाही.

हिरानं चंद्रभानला विचारलं, "कोन हाय ही?"

चंद्रभान पंपाची वायर नीट करत राहिला.

"तुला इचारतेय मी. कोन हाय?"

त्यानं वायरवरून नजर काढली नाही, तेव्हा तिला उत्तर मिळालं. पण ती त्याच्या अंगावर गेली नाही. ती सोजराबाईवर धावली आणि तिचे दोन्ही खांदे धरून तिला पत्र्यावर आपटलं.

"माझ्या हातनं सोताचं पान घालून घेतलंस? मी रडले तुज्यासाठी! आनि तू बगत उभी ऱ्हायलीस?"

"तू इचारलंस, मी सांगितलं."

"एक शबूद बोलली असतीस तर मी त्याच दिवशी गेले असते!"

"अन् मला नणंद म्हणून छळत व्हतीस तवा मी कुठल्या तोंडानं बोलू?"

नर्मदेनं आणि दुसऱ्या दोघींनी त्यांना सोडवलं. सोजराबाईच्या कपाळाला खोक पडली होती. हिराच्या दंडावर दात उमटले होते.

दुसऱ्या दिवशी हिरानं आपली पाटी आणि कोयता उचलला आणि मुरब्याची वाट धरली. भावांनी तिला घरात घेतलं नाही; आईनं पडवीत जागा दिली. चंद्रभान आठवडाभर कामावर जात राहिला. लोक त्याला तोंडावर हसत होते. सोजराबाई स्वयंपाक करी, तो जेवी, कुणी बोलत नसे. मग राजस्थानकडे नवीन काम निघालंय असं त्याच्या कानावर आलं. ती नळावर गेलेली असताना त्यानं मासे दोन डब्यांत भरले. लालगळ्यांची जोडी वेगळी, पट्टेवाले वेगळे, वाटेत भांडू नयेत म्हणून. डब्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं, झाकणांना भोकं पाडली. नर्मदेनं त्याला स्टेशनकडे जाताना पाहिलं. बायकोला काही निरोप द्यायचा का, असं तिनं विचारलं तर म्हणाला, "घाई हाय. पाणी तापलं तर मरतील."

मुकादम खोली रिकामी करायला आला तेव्हा सोजराबाई दारात पाय पसरून बसली. "मला उचलून टाका," ती म्हणाली, "मग मी बंगल्यावर जाऊन सगळ्यांची नावं घेते." मुकादमानं शिव्या दिल्या, तिनंही दिल्या. अखेर त्यानं तिला खडी वाहायच्या कामावर लावून घेतलं, आणि काम होतं म्हणून खोली राहिली. हाताची सालं गेली. पुढं कँटीनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं. ती कुणाशी गोड बोलत नसे आणि तिच्याशीही कुणी बोलत नसे. तिची माळ मात्र गळ्यात राहिली.

त्या दोघींचं पुढं जमलं, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. हिरा बोईसरच्या बाजारात मासे घेऊन बसायची. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या मांडीशी एक तान्ही मुलगी दिसू लागली. सोजराबाई त्या बाजूनं जातच नसे. सातपाटीच्या मासेवाल्या बायांनी हिराला बसायच्या जागेवरून हुसकलं तेव्हा सोजराबाई रस्त्यापलीकडे भाजी घेत उभी होती; ती पिशवी घेऊन चालती झाली. आणि कँटीनमध्ये सोजराबाईचा हात भाजला तेव्हा हिरा म्हणाली, "बरं झालं."

वीज केंद्र सुरू व्हायच्या सुमाराला राजस्थानातून परतलेला एक फिटर कँटीनमध्ये जेवायला आला. त्यानं सांगितलं की चंद्रभान तिकडं मजेत आहे, मासे आहेत, आणि घरात तिकडचीच एक बाई आहे.

त्या दिवशी सोजराबाई पहिल्यांदा मासळीबाजारात शिरली. हिरा पापलेटांवर पाणी शिंपडत होती. सोजराबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"त्यानं तिसरी केली."

हिरानं मान वर केली. कोयता हातातच होता. "मंग मला काय सांगतेस? नवरा तुजा."

"तुझाबी."

हिरानं पापलेटांवर पुन्हा पाणी शिंपडलं. मग तिनं सोजराबाईच्या मागं नजर टाकली.

"बाजूला हो," ती म्हणाली. "गिऱ्हाईक येतंय."

सोजराबाई बाजूला झाली.