पुरुलियाच्या रस्त्यावर उतरलेल्या वन्सं

वन्संनी कुणाला चांगलं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. माझ्या नवऱ्याची, मिलिंदची, ही थोरली बहीण. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन कोलकात्याला आल्या आणि निवृत्तीनंतरही बराकपूरला एकट्याच राहिल्या. आमच्या लग्नानंतर आमच्या डमडमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या हातचा उपमा खाऊन म्हणाल्या, "भूक होती म्हणून खाल्ला."

मला टायफॉइड झाला, तेव्हा मात्र तीन आठवडे त्या रोज लोकलने यायच्या. पेज भरवायच्या, अंग पुसायच्या आणि वर म्हणायच्या, "तुला आजारीसुद्धा नीट पडता येत नाही." मी बरी झाले. आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही केलं. मिलिंदला स्वयंपाक येत नाही."

त्यांचा सगळ्यांत मोठा राग आमच्या सईच्या मराठीवर. पोर इथेच जन्मली, शाळेत बंगाली आणि इंग्रजी, मराठी फक्त घरात. तिचं वाक्य अडखळलं की वन्सं हात वर करायच्या, "थांब. आधी मनात जुळव, मग तोंड उघड." सई त्यांच्यासमोर हळूहळू कमीच बोलू लागली. मी ते पाहत होते आणि गप्प बसत होते.

सई बारा वर्षांची असताना मिलिंदने भाड्याने कॅरव्हॅन ठरवली. आत झोपायला बाकं, गॅसची शेगडी, चालवायला बापीदा. तीन दिवस पुरुलियाकडे जायचं, रानातली फुलं बघायची. मार्च संपत आला होता. बांकुडा मागे पडलं तशी माती लाल झाली आणि दोन्ही बाजूंचं रान पळसाने पेटल्यासारखं दिसू लागलं.

सई खिडकीला नाक लावून ओरडली, "आत्या, बघ, किती पळस फुटलाय!"

बंगालीत फूल फुटतंच. तिच्या तोंडी तेच आलं.

"फुटतं ते मडकं," वन्सं म्हणाल्या. "पळस फुलतो. दहा वेळा म्हण."

सईने चार वेळा म्हटलं, पाचव्याला तिचा आवाज चिरकला. मग ती उठून पुढे बापीदाशेजारी जाऊन बसली आणि त्याच्याशी बंगालीत बोलू लागली. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "वन्सं, तुमच्या या जिभेपायीच तुम्ही जन्मभर एकट्या राहिलात."

वन्संनी बापीदाला गाडी थांबवायला सांगितली, पिशवी घेतली आणि उतरल्या. मिलिंद मागोमाग गेला. "माझ्यामागे यायचं नाही," त्या म्हणाल्या. समोरून येणाऱ्या बसला हात केला आणि सत्तरीची बाई एकटी चढून निघून गेली.

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मी शेगडीवर चहासुद्धा ठेवला. तेवढ्यात सई म्हणाली, "आई, आत्याला गाडी लागते. तिच्या गोळ्या माझ्याकडे राहिल्या." वाक्यात एकही चूक नव्हती. मिलिंदने चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीच आम्ही परतलो.

दीड वर्ष आम्ही बोललो नाही. मिलिंद आणि सई बराकपूरला जायचे, मी जात नसे. मग वन्संच्या हृदयाने दगा दिला आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी मऊ खिचडी घेऊन गेले.

दोन घास खाऊन त्या म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यांनी वाटी बाजूला सारली. "त्या दिवशी बोललीस ते खरं होतं. पोरीसमोर बोलायला नको होतंस."

"आणि तुम्ही तिला बापीदासमोर रडवलंत, ते?"

"शिकवत होते."

"ती घाबरायची तुम्हाला."

"घाबरत असती तर दर शनिवारी आली नसती. तूच घाबरायचीस."

मी खुर्ची जवळ ओढली. नर्स उठवायला येईपर्यंत आम्ही दोघी भांडत होतो. त्यांना धाप लागत होती, तरी वाक्य अर्ध्यावर सोडत नव्हत्या.

त्याच आठवड्यात वन्सं गेल्या. माफी मागायला मला तासभर मिळाला होता. मी मागितली नाही, आणि मागितली असती तर त्यांनी ती ऐकून घेतली असती, असं मला आजही वाटत नाही.