आप्पांच्या गाडीचा आजार

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलो — "तू स्वतः बघितलंस?" पुढे माणूस विषय बदलतो. मी मेकॅनिक. गाडी सुरू होत नसेल तर एक तर पेट्रोल पोचत नाही, नाही तर ठिणगी पडत नाही. तिसरं कारण नसतं, असं मी मानायचो... आणि खरं सांगू, अजूनही मानतो. म्हणूनच हे लिहिताना हात अडखळतोय.

साल साठच्या आसपास. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही रत्नागिरीत मोडायचो. मुंबईच्या एका गॅरेजात हात काळे करून मी मसुऱ्याला परतलो आणि रस्त्याकडेला माडाच्या झापांची शेड घालून बसलो. आमच्या वाडीत गाडी एकच — शेजारच्या आप्पांची. आप्पा काजूचे व्यापारी, तोंडाने फटकळ, मनाने बरे. गाडी जुनी विलायती, पुढे हँडल मारून सुरू करायची. तिचा आजार असा, की कधी पहिल्या हँडलला सुरू, तर कधी काही केल्या नाही. थोड्या वेळाने काही न करता तेच हँडल मारलं की सुरू व्हायची, आणि माझ्या शेडमध्ये आणली की एकदम साळसूद.

"तुझी मुंबय खंय गेली रे?" आप्पा चिडवायचे. "तुका बघल्यान काय सुरू होता, माका बघल्यान काय रुसता."

मी प्लग बदलले, पॉइंट घासले, कॉइल बदलली, वायरी आवळल्या. दिसणारा बिघाड अर्धा दुरुस्त झालेला असतो हो; लपणारा म्हणजे डोक्याला ताप. एकदा तर माझ्यासमोरच झालं. आप्पा बायकोशी भांडून बाहेर आले, उंबऱ्यातून ओरडले, "जातंय मी! बस तू एकटीच." गाडी ढिम्म. आत जाऊन पाणी प्यायले, "येतंय गो," असं पुटपुटत परत आले, आणि गाडी सुरू. मी म्हटलं, रागात हँडल नीट मारलं नसेल. माझे कान इंजिनाकडे होते, माणसांच्या बोलण्याकडे नव्हते.

त्या वैशाखात माझी धाकटी बहीण नलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या त्या थांबेनात, मूल काही येईना. वैजीण, म्हणजे आमच्याकडची सुईण, भर दुपारी बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या हातातला रवला नाय. कणकवलीक न्हेवा." मी तसाच आप्पांच्या घराकडे धावलो.

आप्पांनी लगेच गाडी आमच्या अंगणात आणून उभी केली. नलूला मागे निजवलं, डोकं आईच्या मांडीवर. नलूने आईचा हात धरला आणि म्हणाली, "आये... मी जातंय गो."

मी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. पॉइंट पुसले. कॉइलची वायर काढून इंजिनाजवळ धरली, आप्पांनी हँडल मारलं... ठिणगीचा पत्ता नाही. वायर खोचली, काढली, पुन्हा खोचली. वैशाखात पावसाचा थेंब नाही, वायरी कोरड्या, ओलीचं निमित्तही नव्हतं. मागून आईचा आवाज आला, "नलू, तसा म्हणा नको. आपल्या घराकडे बघ नी म्हण, येतंय."

"आये, गप रव गो!" मी खेकसलो.

आईने ऐकलं नाही. नलूने कशीबशी मान वळवली, घराकडे बघितलं. "येतंय," एवढंच म्हणाली.

मी हँडल जेमतेम अर्धं फिरवलं असेल, आणि इंजिन सुरू झालं. कणकवलीपर्यंत एकदाही अडखळलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी कोणीच हाती लागलं नसतं. दोघी म्हणालो, कारण मुलगी झाली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि कितीतरी वेळाने पोटभर श्वास घेतला.

नंतर मी आप्पांना विचारलं, गाडी रुसायची तेव्हा घरातून काय म्हणून निघायचात? ते डोकं खाजवत म्हणाले, "बायलेशी भांडाण झाला काय जातंयच म्हणतंय मी. दुसरा काय म्हणतलंय?" पुढे मी एकटाच रिकाम्या गाडीसमोर उभा राहून मुद्दाम "जातंय" म्हणून बघितलं. पहिल्या हँडलला सुरू! पण मला कुठे जायचंच नव्हतं; मग खरोखर निघालेल्या कोणाला आत बसवून तीच परीक्षा घ्यायला हवी होती, पण ती हिंमत मला झाली नाही. वायर खोचताना कुठेतरी नीट बसली असेल, असं मी स्वतःला सांगतो. मग आधी खोचली तेव्हा का नाही बसली, या विचाराने मला आजही चीड येते.

पण नलू परत आली ती सकाळ आठवली की चीड उतरते. त्याच गाडीतून आणली तिला. आईने मायलेकींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. नलू मुलीला छातीशी धरून उभी राहिली, घराकडे बघून हसली आणि आल्याची वर्दी दिल्यासारखं म्हणाली,

"सांगान गेल्लंय मां, येतंय म्हणान? इलंय."