अच्युतदादाला नेमकं काय झालं होतं

दुपारी सव्वातीनच्या सुमारास माझा थोरला भाऊ अच्युत मला भेटतो. त्याला जाऊन दोन वर्षं झाली आहेत.

मी वर्तमानपत्रातली रात्रपाळी करून आलेली, पडदे ओढून पडलेली. खालच्या फ्लॅटमधला मिक्सर ऐकू येतोय. तो थांबतो आणि मी साड्यांच्या दुकानात गादीवर बसलेली असते. सोलापुरातलं हे दुकान, दादाने आयुष्यभर इथेच नोकरी केली. गिऱ्हाईक उठून गेलंय, समोर उलगडलेल्या साड्यांचा ढीग आहे आणि दादा घड्या घालतोय. हात भराभर चालतात. शेवटी शेवटी त्याला शर्टाची गुंडी लावता येत नव्हती, हे मला स्वप्नातही आठवतं. मी त्याच्या हातांकडे बघत नाही.

"काय वैजू, आज काय छापलंस?"

पाणीकपात, मी सांगते. तो हसतो. म्हणतो, म्हणजे कालचंच. मग ऋतुजाची चौकशी करतो.

ऋतुजा त्याची मुलगी, तिला तिसरा महिना आहे. काल तिचा फोन होता. डॉक्टरांनी विचारलंय, वडील कशाने गेले. वहिनींचं आणि माझं ठरलेलं उत्तर मी तिला दिलं, की बाबा स्कूटरवरून पडले, तेव्हापासून डोक्यावर परिणाम झाला.

"अजून स्कूटरच का?" दादा विचारतो.

तो पडला हे खरं आहे. पण रोजचा रस्ता विसरला, गांगरला, म्हणून पडला. कारण आणि परिणाम यांची मी अदलाबदल केली. हाताखालच्या मुलांनी अशी बातमी लिहिली तर मी परत पाठवते.

गादी संपते तिथे माझं ऑफिसातलं टेबल सुरू होतं. दादा माझ्या खुर्चीत बसलाय, मांडीवर साडी तशीच आहे. तो रविवारची पुरवणी वाचतोय. वंशपरंपरेने येणाऱ्या स्मृतिभ्रंशावर मी गेल्या महिन्यात पानभर लिहिलं. दोन डॉक्टरांशी बोलून, प्रत्येक वाक्य तपासून.

"चांगलं लिहिलंयस. यातलं कुटुंब आपलंच ना?"

"हो."

"नावं बदललीस."

"नावं घातलीच नाहीत."

तो पान दुमडतो. "अख्ख्या जिल्ह्याला सांगितलंस. एक पोरगी तेवढी राहिली."

मी टेबलाची कड धरते, तर ती दवाखान्यातल्या बाकाची कड असते. समोर लांब बोळ आहे. त्या टोकाला कुणी तरी फरशी पुसतंय. दादा माझ्या शेजारी बसलाय. आवाज त्याचाच, पण तो म्हणतो, "आत्या, बाबांना नेमकं काय झालं होतं?"

हा प्रश्न त्याचा नाही, हे मला कळतं. तरी मी बोलायला लागते.

मी सांगते की शरीरातली प्रथिनं लांब धाग्यासारखी असतात. प्रत्येकाची घडी ठरलेली असते, त्या घडीत बसली तरच ती कामाची. आपल्या घरात एका जनुकात एक अक्षर चुकलंय. त्यामुळे मेंदूतल्या एका प्रथिनाची घडी बिघडते. आत राहायला हवा तो चिकट भाग बाहेर येतो, मग ती प्रथिनं एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात. शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही तसंच वळण लागतं.

"एकदा चुकीचा मोड पडला की पुढचा माणूस त्याच मोडावर दुमडतो," दादा म्हणतो. हे मात्र त्याचंच.

"तसंच. मग पेशी मरतात."

"कुणाकडून आलं?"

"अण्णांकडून." अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना वेड लागलं असंच गल्लीत म्हणायचे.

"आणि मला?"

"निम्मी शक्यता. मलाही तेवढीच. मी तपासून घेतलेलं नाही."

तो वाट बघतो. मी म्हणते, तुझं लग्न ठरेपर्यंत थांबू, असं आम्हाला वाटलं. मग ठरलेलं लग्न मोडेल, असं वाटलं. लग्न झालं, तेव्हा वाटलं, आता कशाला. मी बघतेय दादाकडे, पण बोलतेय ऋतुजाशी, आणि त्यात आम्हा दोघांनाही काही चुकीचं वाटत नाही.

"घाबरलीस होय?"

"सगळ्यांना तसंच सांगते. खरं म्हणजे लाज वाटते. आधी आपल्या रक्ताची वाटायची. काल फोन ठेवल्यापासून माझी वाटते."

बोळातली फरशी पुसत पुसत कुणी तरी आमच्या पायांपर्यंत येतं. दादा पाय वर घेतो, मीही घेते.

जाग येते तेव्हा फोन माझ्या कानाखाली आहे. गरम आहे, त्याची कड गालावर उमटलीय. कॉलच्या यादीत सगळ्यात वर ऋतुजा. तिचा फोन तीन बावीसला आलेला, मी उचललेला. बोलणं अकरा मिनिटं.

उचलल्याचं मला आठवत नाही. त्यातलं किती मोठ्याने बोलले, तेही नाही. झोपेत होते म्हणून आठवत नसेल. दुसरं, दादासारखं कारण असेल, तर ते आज मला कुणी सांगू शकणार नाही.

मी तिला फोन लावते. ती उचलत नाही. परत लावते.

पाचच्या पुढे वहिनींचा फोन येतो. ऋतुजा त्यांच्याकडे आलीय, आतल्या खोलीचं दार लावून बसलीय, चहाही घेतला नाही.

"वैजूताई," त्या विचारतात, "तुम्ही तिला काही बोललात का?"

वहिनी अजून फोनवर आहेत.